डिजिटल काळात घरचा छापील ग्रंथसंग्रह कसा सांभाळावा

मराठी पुस्तकाची एक आवृत्ती बहुधा हजार प्रतींची निघते, आणि अलीकडे तर अनेक पुस्तकांची त्याहूनही कमी प्रतींची. या प्रती पुण्या-मुंबईपासून बेळगाव, पणजी, बडोदा, इंदूरपर्यंत आणि परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांपर्यंत विखुरतात. पुढची आवृत्ती निघेलच याची खात्री नसते, आणि वीस वर्षांनी तेच पुस्तक शोधणाऱ्या वाचकाला विक्रेत्याकडून 'अनुपलब्ध' एवढेच उत्तर मिळते. नामवंत कादंबऱ्या पुन्हा छापल्या जातात, त्यांची ई-पुस्तकेही निघतात. परंतु एखाद्या तालुक्याचा इतिहास, नाटक कंपनीच्या व्यवस्थापकाने लिहिलेल्या आठवणी, सत्तर वर्षांपूर्वीचे पाकशास्त्र, बंगालीतून झालेले एखादे सरस भाषांतर, गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, असे कितीतरी लेखन केवळ कागदावर आहे, आणि ज्या घरांत ते आहे त्या घरांनी जपले तरच ते पुढे राहणार आहे. छापील पुस्तकावर जन्मभर प्रेम करणाऱ्या माणसाने हे प्रेम कृतीत कसे आणावे, याची व्यवहारी माहिती येथे देत आहे. ती दुर्मीळ पोथ्यांच्या संग्राहकासाठी नाही. दोन-तीन कपाटे भरतील एवढी पुस्तके बाळगणाऱ्या आणि बेताच्या जागेत राहणाऱ्या वाचक कुटुंबासाठी आहे.

कागदावर काय घ्यावे, मोबाइलवर काय राहू द्यावे

घरातील जागा मोजकी असते, म्हणून पहिला निर्णय विभागणीचा. ज्या ग्रंथांत आपण काही शोधतो पण जे सलग वाचत नाही, त्यांच्यासाठी मोबाइल आणि संगणक उत्तम. मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून पाहता येतात. मराठी विश्वकोशातील नोंदी शासनाच्या संकेतस्थळावर वाचता येतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. ज्याला कोशाची पाने चाळण्यात आनंद वाटतो त्याने छापील खंड जरूर ठेवावेत, परंतु केवळ संदर्भासाठी कपाटातली एक अख्खी फळी अडवण्याची आता गरज उरलेली नाही.

स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांचेही बरेचसे तसेच आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून मोजून ६० वर्षे हा हक्क राहतो. म्हणजे १९६४ साली निवर्तलेल्या लेखकाचे लेखन १ जानेवारी २०२५ पासून सर्वांना मोकळे झाले. अशा जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती पुष्कळ मिळतात, आणि पुस्तक विकत घेण्यापूर्वी ते आपल्याला खरोखर हवे आहे का हे ठरवण्यासाठी त्या फार उपयोगी पडतात. मात्र स्कॅन पाहताना पाने गाळलेली नाहीत ना, घडीचे नकाशे उलगडून टिपले आहेत ना आणि परिशिष्टे आली आहेत ना, हे तपासावे. नकाशा घडी घातलेल्या अवस्थेतच स्कॅन झालेली प्रत मूळ पुस्तकाची जागा घेऊ शकत नाही.

विकत घेतलेल्या ई-पुस्तकाबाबत एक गोष्ट स्पष्ट असावी: बहुतेक वेळा आपण पुस्तक घेत नाही, ते वाचण्याचा परवाना घेतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. म्हणून जे पुस्तक दहा वर्षांनी पुन्हा वाचावेसे वाटेल, जे मित्राच्या हाती द्यावेसे वाटेल, ते कागदावरच घ्यावे. कवितासंग्रहाबद्दल माझे मत ठाम आहे: कवीने ओळ जिथे तोडली तिथेच ती तुटलेली दिसली पाहिजे, आणि मोबाइलच्या अरुंद चौकटीत ती भलतीकडेच मोडते. छोट्या गावातील प्रकाशकाने किंवा खुद्द लेखकाने काढलेले पुस्तक दिसले तर तेही विचार करत न बसता घ्यावे, कारण ते दुसऱ्यांदा समोर येण्याचा संभव कमी असतो. प्रकाशनपूर्व सवलतीत नाव नोंदवणे हा त्यातला सोपा मार्ग आहे. वाचकाचे पैसे वाचतात आणि किती प्रती छापाव्यात याचा अंदाज प्रकाशकाला येतो.

विकत घेताना प्रत कशी पाहावी

पुण्याचा अप्पा बळवंत चौक असो, मुंबईत फोर्टमधले पदपथ असोत की साहित्य संमेलनातील प्रदर्शन असो, पुस्तक हातात घेतल्यावर मजकुराइतकेच बांधणीकडे पाहावे. पुस्तक उभे धरून वरच्या कडेने त्याच्या पाठीकडे पाहिले की घड्या घातलेल्या पानांचे लहान लहान गठ्ठे एकाशेजारी एक दिसतात का, ते कळते. गठ्ठे दिसत असतील आणि त्यातल्या एकाच्या मधोमध उघडल्यावर दोरा दिसत असेल, तर ती शिवण घातलेली म्हणजे जुजबंदीची बांधणी आहे. असे पुस्तक दोन पिढ्या सहज टिकते आणि पुढे पुन्हा बांधूनही घेता येते. पाठीकडून सगळी पाने सपाट कापून नुसती चिकटवलेली असतील, तर तो गोंद काही वर्षांत कडक होतो आणि पान एकेक करून सुटू लागते. विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात हे लवकर घडते. अशी बांधणी आहे म्हणून पुस्तक सोडून देऊ नये. ते पूर्ण पालथे उघडून टेबलावर दाबायचे नाही, एवढे लक्षात ठेवावे. नवे जाड पुस्तक पहिल्यांदा उघडताना पाठ टेबलावर टेकवावी, आधी दोन्ही बाजूंचे पुठ्ठे खाली सोडावेत, मग पुढून थोडी आणि मागून थोडी पाने आळीपाळीने हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत यावे. पाठीला एकदम ताण बसत नाही.

जुनी प्रत घेताना ती पुरी आहे का, हा मुख्य प्रश्न. केवळ पृष्ठांक चाळून भागत नाही, कारण सुरुवातीची प्रस्तावना आणि मधल्या चित्रांची पाने यांना पुष्कळदा क्रमांकच नसतात. येथे जुन्या छापखान्यांची एक पद्धत मदतीला येते. खिळे जुळवून छापलेल्या पुस्तकात प्रत्येक फर्म्याच्या, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या, पहिल्या पानावर, अगदी तळाशी, बारीक टाइपात फर्म्याचा क्रमांक घातलेला आढळतो. काही वेळा त्याला पुस्तकाच्या नावाचे आद्याक्षरही जोडलेले असते. फर्मा १६ पानांचा असेल तर हा आकडा १७, ३३, ४९, ६५ अशा पानांच्या पायथ्याशी दिसेल. आठ पानांचा असेल तर ९, १७, २५ असा. हे क्रमांक ओळीने तपासले की एखादा फर्मा गळला आहे, दोनदा आला आहे की उलटा बांधला गेला आहे, हे दोन मिनिटांत समजते. त्यानंतर विषयसूचीशी शेवटचे प्रकरण ताडून पाहावे आणि शुद्धिपत्र असल्यास ते जागेवर आहे का ते पाहावे. प्रकाशनवर्ष शकात दिले असेल तर त्यात ७८ मिळवावेत. पुस्तक पौष-माघाच्या सुमारास निघाले असेल तर ७९.

हातात पान धरून कागदही पाहावा. खरखरीत, करडा, वर्तमानपत्रासारखा कागद लाकडाच्या लगद्यातील लिग्निनमुळे उजेडात पिवळा पडतो, आणि कागदात आम्लता असेल तर त्याचे तंतू तुटून पान कोपऱ्यातून मोडू लागते. एक कोपरा अगदी हलक्या हाताने किंचित वाकवून सोडावा. तो परत सरळ झाला तर कागदात अजून जीव आहे. चरा पडला तर ते पुस्तक जपूनच हाताळावे लागेल, आणि त्याची पाने कॅमेऱ्याने टिपून ठेवण्याचे काम लवकर करावे लागेल.

कपाट, भिंत आणि पावसाळा

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक एक श्लोक लिहीत असत. त्यात पोथीच सांगते की मला तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. घरच्या पुस्तकांसाठी याहून नेमकी सूचना मला आजवर मिळालेली नाही.

तेलाचा प्रश्न हात धुऊन पुसल्याने सुटतो. पाण्याचा प्रश्न मोठा, आणि त्यात गळतीपेक्षा हवेतील ओल अधिक घातक, कारण ती दिसत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरू लागते, आणि कोकणात, मुंबईत व गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या पुढे असते. म्हणून कपाट कधीही बाहेरच्या भिंतीला किंवा न्हाणीघराच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये. मागे चार बोटे तरी अंतर सोडावे आणि शक्य असेल तर ते घराच्या आतल्या भिंतीजवळ न्यावे. सर्वांत खालची फळी जमिनीपासून किमान अर्धा फूट वर असावी, म्हणजे वाळवी आणि दारातून शिरणारे पावसाचे पाणी या दोहोंपासून थोडा अवसर मिळतो. एक मीटर फळीवर डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराची पुस्तके भरली तर वजन सहज २० किलोच्या वर जाते, त्यामुळे साध्या प्लायवूडच्या फळीला दर ७५ सेंटिमीटरवर आधार द्यावा. फळी मध्ये वाकली की पुस्तके एकमेकांवर कलतात आणि त्यांच्या बांधण्या पिळवटतात.

काचेची दारे असावीत की उघडी फळी, यावर घरोघरी मतभेद असतात. पठारावरील कोरड्या, धुळीच्या गावांत काचेचे कपाट बरे. किनाऱ्यावर मात्र बंद लोखंडी कपाटासारखी वाईट जागा नाही. आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. तेथे दारे असलीच तर ती दिवसातून थोडा वेळ, आणि खोलीतला पंखा चालू असताना, उघडी ठेवावीत. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या फळीवर ठेवून काहीच साधत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात निवडक पुस्तके ठेवली असतील तरच त्या कामाच्या, आणि तेव्हाही अधूनमधून तापवून पुन्हा कोरड्या करण्याच्या. पुस्तके फळीवर कोंबून भरू नयेत. मध्ये बोट सहज जाईल एवढी सैल असावीत, नाहीतर काढताना वाचक पाठीचा वरचा काठ ओढतो आणि पाठ तिथूनच फाटते. दोन्ही शेजारच्या पुस्तकांना किंचित आत ढकलून हवे ते पुस्तक मध्यावर धरून काढावे. घरातील लहान मुलांना ही एक सवय लावली तरी अर्धे काम होते.

वर्षातून एकदा सगळा संग्रह खाली काढावा, आणि त्यासाठी दसऱ्याच्या आगेमागे येणारे दिवस मला सर्वांत योग्य वाटतात. पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी होऊ लागलेली असते, आणि सरस्वतीपूजनाच्या निमित्ताने पुस्तके हाताळण्याची रीत घरात असतेच. कपाट रिकामे करून कोरड्या फडक्याने पुसावे, प्रत्येक पुस्तक मिटलेलेच घट्ट धरून त्याच्या वरच्या कडेची धूळ मऊ कुंचल्याने पाठीकडून बाहेरच्या बाजूला झाडावी, आणि मग ती सावलीत, वाऱ्यावर, पाने थोडी फाकवून उभी ठेवावीत. कडक उन्हात पुस्तके वाळत घालू नयेत. कागद पिवळा पडतो, पुठ्ठा वाकतो आणि मुखपृष्ठाचा रंग उडतो. प्लॅस्टिकची आवरणे घातली असतील तर ती याच वेळी काढून टाकावीत, कारण त्यांच्या आत ओल साचते.

कपाट रिकामे असताना कीड शोधावी. मुखपृष्ठावर वेडीवाकडी खरवडल्यासारखी जागा दिसली तर ती कसरीची खूण. तिला खळ आणि पिठूळ पदार्थ प्रिय असतात. आरपार गेलेली बारीक गोल छिद्रे भुंग्याच्या अळीची, आणि भिंतीवर मातीची रेघ दिसली तर वाळवी आली आहे, तिथे घरगुती उपाय करत बसू नये. डांबरगोळ्या मी सुचवत नाही. त्यांचा वास खोलीतल्या माणसांना अपायकारक असतो आणि उघड्या कपाटात किडीवर परिणामही होत नाही. पोथ्यांच्या बासनात वेखंडाची पुरचुंडी ठेवण्याची जुनी पद्धत निरुपद्रवी आहे, पण ती स्वच्छतेला पर्याय नाही. कीड लागलेली मोजकी पुस्तके असतील तर प्रत्येक पुस्तक जाड प्लॅस्टिक पिशवीत, आतली हवा काढून, तोंड पक्के बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. पूर्ण एक दिवस तशीच ठेवली म्हणजे बाहेरचे दव पिशवीवर धरते, पुस्तकावर नाही.

पुस्तक भिजले तर

चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या १८६४ पासूनच्या ग्रंथालयाला २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांचा तडाखा बसला, आणि कोल्हापूर-सांगलीच्या कितीतरी घरांनी २०१९ सालच्या पुरात असाच अनुभव घेतला. अशा वेळी पहिले ४८ तास महत्त्वाचे असतात, त्यानंतर बुरशी धरते. चिंब भिजलेले पुस्तक उघडण्याचा प्रयत्न करू नये, पान हातात येईल. ते मिटलेलेच हलके दाबून पाणी निथळू द्यावे, टिपकागदावर किंवा कोऱ्या, शाई नसलेल्या कागदावर उभे करावे आणि पंख्याचा वारा थेट न लागता खोलीत खेळता राहील असे पाहावे. थोडे सुकल्यावर दर वीस-पंचवीस पानांनंतर कोरा कागद घालावा आणि तो काही तासांनी बदलत राहावा. वर्तमानपत्र वापरू नये, त्याची शाई उतरते. गुळगुळीत आर्ट पेपरवरची चित्रे असतील तर तेथे दोन पानांमध्ये कागद ताबडतोब घालावा लागतो, कारण ती पाने एकदा चिकटून वाळली की पुन्हा सुटत नाहीत. पुस्तके इतकी असतील की ४८ तासांत हात पोहोचणार नाही, तर उरलेली पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत; गोठलेले पुस्तक आहे त्या स्थितीत थांबते आणि सवडीने एकेक करून सुकवता येते.

बुरशी धरलेले पुस्तक आधी पूर्ण सुकवावे, मग तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ कुंचल्याने झाडावे. ओल्या फडक्याने पुसले तर ती कागदाच्या तंतूंत आणखी खोल शिरते.

फाटलेले पान आणि सुटलेली बांधणी

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात झिरपतो, वरचे प्लॅस्टिक गळून पडते आणि अक्षरांवर तपकिरी डाग तेवढा कायम राहतो. त्याऐवजी गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरावी. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढणाऱ्या घरात हे सत्त्व हाताशीच असते: निवळलेला चीक वाळवून त्यातला एक चमचा पाच चमचे पाण्यात कालवावा, मंद आचेवर ढवळत शिजवावा आणि पारदर्शक झाला की गार करून मलमलीतून गाळून घ्यावा. खळ दोन-तीन दिवसच टिकते, म्हणून कामापुरतीच करावी. बाइंडर तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालतात. जुन्या पुस्तकासाठी ते घालू नये असे त्यांना आवर्जून सांगावे, कारण तांब्यामुळे कागदाचा ऱ्हास वाढतो.

पान जिथे फाटले आहे तिथे नीट पाहिले तर फाटलेल्या कडा सरळ नसतात. एका बाजूला तंतूंची पांढरी, तिरकी पट्टी असते आणि ती दुसऱ्या बाजूखाली सरकवता येते. त्या तंतूंनाच बारीक कुंचल्याने अगदी थोडी खळ लावावी, कडा मूळ जागी जुळवाव्यात, छापलेल्या अक्षरांचे अवयव एकमेकांना भिडले की बोटाने हळूच दाबावे. आधार लागेल तर पातळ जपानी कागदाची चिंचोळी पट्टी वरून चिकटवावी. ती कात्रीने न कापता ओलसर करून हाताने फाडावी, म्हणजे तिच्या कडेचे तंतू मोकळे होतात आणि जोड उठून दिसत नाही. वर-खाली बटर पेपर ठेवून रात्रभर जड पुस्तकाखाली दाबावे.

बांधणीच सुटली असेल तर बाइंडरकडे जावे, पण सूचना लिहून द्याव्यात. मूळ मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ आत राखावे. पाने यंत्रावर समास छाटून सारखी करू नयेत. तारेची टाचणी मारू नये, ती गंजते. जुनी शिवण शाबूत असेल तर तिच्याच भोकांतून पुन्हा शिवावे. दिवाळी अंकांचे खंड बांधताना जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत आहे, ती मोडावी असे मला मनापासून वाटते. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली तेव्हापासूनच्या मराठी घरांत काय विकत घेतले जात होते, कोणती औषधे आणि कोणती अत्तरे खपत होती, हे त्या जाहिरातींइतके दुसरे काही सांगत नाही.

वापर, नोंद आणि शोध

न उघडलेले पुस्तक सुरक्षित राहते असा समज आहे, पण वापरातले पुस्तक हवा खाते, त्याच्यावरची कीड वेळेवर दिसते आणि त्याची जागा घरातल्यांना माहीत असते. वाचनाची वेळ ठरलेली असावी आणि त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा. खूण म्हणून पातळ कागदाची पट्टी पुरते. पानाचा कोपरा दुमडू नये. टिपणे पेन्सिलीनेच करावीत. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आपली स्वतःची छोटी सूची करावी: एखादी म्हण पृष्ठ ४१, वाड्याचे वर्णन पृष्ठ ११२, असे. छापील मराठी पुस्तकांत शब्दसूची अपवादानेच असते, त्यामुळे वाचकाने केलेली अशी सूची पुढच्या वाचकालाही उपयोगी पडते.

मोबाइलचे खरे काम येथे आहे. प्रत्येक पुस्तकाचे मुखपृष्ठ, नामपृष्ठ आणि आवृत्ती-मुद्रकाची माहिती असलेले पान अशी तीन छायाचित्रे घ्यावीत, आणि एका साध्या तक्त्यात नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, कपाटातील जागा आणि सध्या कोणाकडे आहे एवढे रकाने करावेत. बारकोड टिपून माहिती आणणारी ॲप्स जुन्या मराठी पुस्तकांसाठी कुचकामी ठरतात, कारण त्यांच्यावर आयएसबीएन क्रमांकच नसतो. हे टंकन करताना आणि पुढे शोध घेताना शुद्धलेखनाकडे लक्ष हवे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्यापूर्वीच्या पुस्तकांत 'नाहीं', 'कांहीं', 'तूं' असे अनुच्चारित अनुस्वार सर्रास असतात. नाव मूळ पानावर जसे छापले आहे तसेच नोंदवावे आणि शेजारच्या रकान्यात आजच्या लेखनाप्रमाणे पुन्हा लिहावे, नाहीतर शोधात ते सापडणार नाही.

आपल्याजवळ नसलेले किंवा पाने गळालेले पुस्तक हवे असेल तर ग्रंथालयांच्या याद्या पाहाव्यात. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांनी प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या मोजक्या ग्रंथालयांना द्यायची असते त्यांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याआधीच्या पुस्तकांसाठी रत्नागिरीचे १८२८ पासूनचे नगर वाचनालय, पुण्याचे १८४८ पासूनचे नगर वाचन मंदिर, ठाण्याचे १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे मराठी ग्रंथसंग्रहालय, तसेच १८३२ साली सुरू झालेले पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय येथे चौकशी करावी. गळालेली दोन-चार पाने छायाप्रतीवरून मिळवून आपल्या पुस्तकात सुटीच ठेवावीत, चिकटवू नयेत.

देणे-घेणे

पुस्तक उसने देण्याची भीती बाळगू नये, मात्र नोंदीशिवाय देऊ नये. नेणाऱ्याच्या हातात पुस्तक असताना त्याचे छायाचित्र काढले की तारीख आपोआप नोंदली जाते आणि कोणाला संकोचही वाटत नाही. सोसायटीत चार-पाच कुटुंबे वाचणारी असतील तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाचा नमुना पाहावा. पुस्तकांची पेटी एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे फिरते, आणि अशा पेट्या परदेशातील मराठी वाचकांपर्यंतही गेल्या आहेत. ज्या प्रती पुन्हा मिळणार नाहीत, त्या पेटीत घालू नयेत. त्या घरी बसवून वाचायला द्याव्यात.

संग्रह कमी करण्याची वेळ प्रत्येकावर येते. पुस्तके पोत्यात भरून एखाद्या वाचनालयाच्या दारात नेऊन ठेवू नयेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ खाली मान्यता असलेली अ, ब, क, ड वर्गांची वाचनालये जागेच्या अडचणीत असतात आणि त्यांच्याकडे आधीच असलेल्या पुस्तकाची तिसरी प्रत त्यांना नको असते. आधी यादी पाठवावी, त्यांनी निवडलेलीच पुस्तके द्यावीत, आणि विषयाप्रमाणे योग्य जागा शोधाव्यात: तालुक्याच्या इतिहासाचे पुस्तक त्याच तालुक्यातील वाचनालयाकडे, नाट्यविषयक पुस्तके नाट्यसंस्थेकडे, शाळेची स्मरणिका त्या शाळेकडे. उरलेली जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला विकावीत. रद्दीत घातली तर ती लगद्यात जातात, विक्रेत्याकडे गेली तर निदान वाचकापुढे येतात.

घरातील पुढच्या पिढीला मराठी वाचता येत नसेल, तर हे काम आपण असतानाच उरकावे. कोणती वीस-पंचवीस पुस्तके घरातच राहावीत, कोणती कोणत्या संस्थेला द्यायची, कोणत्या पुस्तकावर लेखकाची स्वाक्षरी किंवा कोणाच्या हातची टिपणे आहेत, हे एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून तो घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. त्याची एक प्रत ज्यांना पुस्तके जाणार आहेत त्या संस्थेच्या ग्रंथपालांना, त्यांची लेखी संमती घेऊन, आधीच देऊन ठेवावी.